तीन थेंबांचा दस्तूर

"सर, इथं बसण्याची काही ठरलेली पद्धत होती का?"

सिद्धोधननं मागं वळून बघितलं. मागं एक कडुलिंब होता आणि लिंबाला बांधलेली एक शेळी होती. म्हणजे सर तोच. छप्पन्न वर्षांत लोकांनी त्याला 'ए', 'वेटर', 'शुक शुक', 'सिद्ध्या' अशा पुष्कळ नावांनी हाक मारली होती. सर म्हणणारी ही पहिलीच. त्याचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या गुंडीकडं गेला. गुंडी लावलेलीच होती.

"व्हती की," तो म्हणाला. "पद्धतीबिगर कसं चालंल? लय शिस्तीचं काम व्हतं हे."

समोर आठ पाहुणे उभे होते. पुण्याचे. सकाळी चारठाण्याची जुनी देवळं बघून ते जिंतूरला मुक्कामाला आले होते. त्यांना घेऊन आलेली भक्ती तिशीतली होती आणि लोकांना गावं दाखवत फिरवणं हाच तिचा धंदा. दोन वर्षांमागं ती मेक्सिकोला जाऊन आली होती. तिथं म्हणे संध्याकाळी पाहुण्यांना जुन्या दारूच्या गुत्त्यांमधून हिंडवतात. कांतिना म्हणतात त्यांना. कुठल्या गुत्त्यात कोण बसायचं, टेबलावर काय मिळायचं, भांडणं कशी व्हायची, असं सगळं सांगत सांगत नेतात. लोक पैसे देऊन ते ऐकतात. आता बोला! भक्तीच्या डोक्यात आलं, आपल्याकडं का नको? मराठवाड्यात निजामाच्या काळापासून शिंदीखाने, म्हणजे ताडीसारखी शिंदी पाजणारे गुत्ते, होते, त्यांची गोष्ट कुणीच सांगत नाही.

बन्सीधरशेठच्या लॉजवर तिनं विचारलं, इथलं जुनं माहीत असणारं कुणी आहे का? बन्सीधरशेठनं काउंटरमागं चाव्या लावत बसलेल्या सिद्धोधनकडं नुसतं बोट दाखवलं. "ह्याच्याएवढं कुणालाच न्हाई. पीएचडी हाय त्याची."

शेठ हसले, पण खोटं काही बोलले नाहीत. सोळाव्या वर्षी सिद्धोधन शिंदीखान्यात मडकी धुवायला लागला. तो बंद पडल्यावर परमिट रूममध्ये वेटर झाला. तीस वर्षं त्यानं लोकांना पाजली आणि स्वतः प्याला. माणूस पायरी चढताना कुठला पाय आधी टाकतो यावरून तो सांगायचा, की हा आज रडणार का मारामारी करणार. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याला पक्की येत होती, आणि दारू सुटल्यापासून तीच सांगायची सोय राहिली नव्हती. गेली नऊ वर्षं त्यानं थेंबाला स्पर्श केला नव्हता. लॉजवर चाव्या द्यायच्या, पाण्याची टाकी बघायची, सहा वाजता घरी जायचं.

आणि घरी सृष्टी होती. सुकेशनीची तीन वर्षांची पोरगी, म्हणजे त्याची नात. सुकेशनी सरकारी दवाखान्यात नर्स होती. जावई चाकणला कंपनीत, महिन्यातून दोनदा यायचा. सुकेशनीची रात्रपाळी असली की पोरगी आजोबाजवळ राहायची. रोज संध्याकाळी ती त्याचं बोट धरायची, उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. तेच पाहिजे. दुसरं दिलं तर भोकाड पसरायची. ते बोट धरून ती त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची आणि एसटी बघून परत आणायची.

पोरगी त्याच्या हवाली करताना सुकेशनीनं एकच अट घातली होती. आवाज न चढवता, ताप मोजल्यासारखी. "बाबा, ज्या दिवशी मला शंका आली ना, त्या दिवशी लेकरू तुमच्याजवळ ठेवणार न्हाई. मंग तुमी कितीबी सांगा."

"व्हय," तो म्हणाला होता. दुसरं म्हणणार काय?

आज दुपारी निघताना तो तिला म्हणाला, "उशीर होईल जरा. पाव्हणे आलेत लॉजवर. गाव दाखवायचंय त्याइला."

गाव दाखवायचंय! खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. सांगून टाकायला पाहिजे होतं, हे त्याला दाराबाहेर पडल्या पडल्या कळलं. पण मागं फिरायला जीव झाला नाही. कारण सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि त्याला जायचं होतं. हो, होतं जायचं. कुणीतरी आपलं ऐकून घेणार होतं.

तर लिंबाखाली सिद्धोधन सांगायला लागला. इथला शिंदीखाना बंद पडून एकतीस वर्षं झालेली. आता तिथं फक्त दगडी ओटा आणि अर्धी भिंत होती. पण त्याच्या डोळ्यांपुढं सगळं जागच्या जागी होतं. "हितं माठ राहायचे ओळीनं. हितं फुटाणे. फुटाण्याचं कुणी इचारायचं न्हाई, मूठभर फुकट."

"मेक्सिकोत पण तसंच!" भक्ती पाहुण्यांना म्हणाली. "ग्लासाबरोबर खाणं फुकट. आणि बायकांना आत यायला बंदी. दारावर तशी पाटीच असायची."

"पाटी कशाला लागती?" सिद्धोधन म्हणाला. "आमच्याकडं बाया यायच्या की. फकस्त आत न्हाई. दारापोतूर. नवऱ्याला न्यायला."

पाहुणे हसले. तोही हसला. मग त्याला त्याची बायको बायनाबाई त्या तिथं, शेळी बांधली होती तिथंच, पदर डोक्यावर ओढून उभी असलेली आठवली आणि त्यानं घाईनं विषय पुढं रेटला.

"आता पद्धत सांगतो. दस्तूर म्हणायचे त्याला. निजामाच्या राज्यातला शब्द हाय, दस्तूर. दस्तूर झाल्याबिगर कुणी वाटी तोंडाला लावायचं न्हाई, मंग तो पाटील असू का हमाल." त्यानं डाव्या हाताची वाटी केली, तिच्यात उजव्या हाताचं बोट बुडवल्यासारखं केलं आणि झटकलं. "पयला थेंब जमिनीला. झाड तिचं हाय म्हून. दुसरा, झाडावर चढून जो शिंदी उतरवतो त्याला. त्याच्या जिवावर आपुन प्यायलोत म्हून. आन् तिसरा..."

तो थांबला. पाहुण्यांतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई पुढं झुकून ऐकत होत्या.

"तिसरा, जो काल आपल्या शेजारी बसला व्हता आन् आज न्हाई, त्याला."

मग एका दाढीवाल्यानं "वा!" म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धोधनच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. काय सांगावं, माणूस टाळीला लय लवकर भुलतो. दस्तुराचं शेवटचं टोक मात्र त्यानं मुद्दाम गाळलं होतं. तीन थेंब उडवले की बोट ओलं राहतं. ते ओठाला लावायचं, मगच वाटी उचलायची. ते सांगून करायचं काय, असं त्याला वाटलं.

*

दुसरा मुक्काम बाजारामागच्या देशी दारूच्या दुकानाचा. पुढं लोखंडी जाळी, आत पत्र्याखाली बाकडी. पाहुण्यांत तीन बायका होत्या. त्या आत आल्या तसं दुकान एकदम चिडीचूप झालं. एकानं बिडी विझवली. एक जण उगाच उठून उभा राहिला. दुकानदारानं तर बाकड्यावर फडकं मारलं. ते फडकं त्या दुकानात आहे हेच सिद्धोधनला माहीत नव्हतं.

"बसा ताई, बसा," दुकानदार म्हणाला. "थंडा मागवू का?"

"आला रे आला!" कोपऱ्यातून आरोळी आली. "सिद्ध्या आला!"

किशनराव. जिनिंगमधला जुना मुकादम आणि एके काळचा त्याचा बाकडेकरी. दोन्ही हात पसरून तो उठला. "नऊ वर्सं! नऊ वर्सं तुझी जागा धरून बसलोय बे मी. बस. ये. सरका रे, सिद्ध्याला जागा द्या."

"मी प्यायला न्हाई आलो किशनराव. पाव्हण्याइला दाखवायलोय."

"हां हां. पयल्या दिवशी समदेच दाखवायला येतेत." किशनरावनं पाहुण्यांना डोळा मारला. त्याला खरंच आनंद झाला होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच तर वाईट होतं.

सिद्धोधन नेटानं बोलत राहिला. दुकान कधी उघडायचं, बाजाराच्या दिवशी गर्दी कशी व्हायची, उधारीवाल्याला कुठल्या बाजूला बसवायचे. बोलताना तो तोंडानं श्वास घेत होता. नाकानं घेतला की तो वास आत शिरायचा आणि आतलं काहीतरी शेपूट हलवत उठून बसायचं. नऊ वर्षांत ते मेलं नव्हतं. नुसतं झोपलं होतं.

तेवढ्यात दाढीवाल्यानं एक बाटली फोडून काचेच्या ग्लासात ओतली आणि ग्लास त्याच्यापुढं सरकवला. "ते दस्तूर खरं करून दाखवा ना सर. व्हिडिओ घेतो."

"कोरडं दाखवलं की मघाशी."

"कोरड्यात मजा नाही. प्यायची नाहीच तुम्ही. फक्त बोट."

"नको, आग्रह नको," भक्ती म्हणाली. पण तिचाही मोबाइल वर झालेला होता. किशनराव टाळ्या पिटायला लागला, "दस्तूर! दस्तूर!" बाकड्यावरचे आणखी दोघं त्यात सामील झाले. फक्त बोट तर होतं. सिद्धोधनला वाटलं, एवढी सगळी माणसं आपल्या एका बोटाची वाट बघायलीत.

त्यानं बोट बुडवलं.

"पयला जमिनीला." थेंब फरशीवर पडला. "दुसरा, उतरवणाऱ्याला." बोट परत बुडालं. "तिसरा..." तिसऱ्याला त्याच्या मनात आलं ते बायनाबाईचं नाव. त्यानं थेंब उडवला. आणि मग काय झालं ते त्याला नंतर कितीदा आठवूनही नीट जुळवता आलं नाही. बोट वर आलं आणि ओठाला लागलं. त्यानं लावलं नाही. तीस वर्षं ज्या वाटेनं ते रोज गेलं, त्याच वाटेनं ते आपलं आपण गेलं. जिभेच्या टोकाला तिखट, गोडसर चव कळली आणि सगळं अंग एका क्षणात म्हणालं, ओळखतो मी.

"क्या बात है!" दाढीवाला ओरडला. "परफेक्ट!"

सिद्धोधननं ग्लास लांब सारला. इतका जोरात, की निम्मा सांडला. तो बाहेर येऊन दुकानदाराच्या माठातल्या पाण्यानं चुळा भरायला लागला. चार भरल्या, पाच भरल्या. किशनराव त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. "चलतो. आज लवकर जातो घरी. लय बरं वाटलं बग, सिद्ध्या. लय बरं वाटलं." आणि किशनराव हेलकावे खात निघाला. त्याचं घर सिद्धोधनच्याच गल्लीच्या पलीकडं होतं. म्हणजे वाट त्याच दारावरून जायची.

हे सिद्धोधनच्या ध्यानात आलं तेव्हा किशनराव वळणापलीकडं गेलेला होता.

*

तिसरं ठिकाण परमिट रूम. इथं सिद्धोधननं बावीस वर्षं ट्रे उचलला होता. आता टेबलं नवी होती, भिंतीवर हिरवे दिवे होते, जुनं ओळखीचं काही राहिलं नव्हतं. पाहुण्यांनी आपापलं मागवलं. सिद्धोधननं पाणी घेतलं आणि बोट टेबलाखाली पँटला पुसत राहिला. आतापर्यंत त्यानं ते तीनदा धुतलं होतं. वास जात नव्हता. निदान त्याला तरी येत होता.

एक थेंब. थेंबानं शील मोडतं का? विहारात उभं राहून त्यानं पाच शीलं घेतली होती. लहानपणापासून पाठ होती ती. पाचवं मद्यपानाचं, ते तो प्यायलेला असतानासुद्धा इतरांच्या सुरात सूर मिसळून म्हणायचा. नऊ वर्षांमागं पहिल्यांदा त्याचा अर्थ ऐकू आला. भन्तेजींनी तेव्हा किती थेंब ते सांगितलं नव्हतं. आता कुणाला विचारायचं? आणि विचारलं की सांगावं लागणार.

"सर, एखादी गमतीची गोष्ट सांगा की इथली," दाढीवाला म्हणाला. "एखाद्या नामचीन पिणाऱ्याची."

गमतीची! सिद्धोधननं पाण्याचा एक घोट घेतला. मग बोलायला लागला.

"व्हता एक. हितलाच. रोज घरी जायचा आन् बायकोला म्हणायचा, आज न्हाई घेतली. मंग बायको म्हणायची, हा करा."

"म्हणजे?"

"हा. तोंडानं. वास बघायला." त्यानं तोंड उघडून करून दाखवलं, बिनआवाजाचं. पाहुणे खळखळून हसले. "तर ह्यो गडी हुशार. कधी लवंग, कधी कांदा, एकदा तर रॉकेल लावलं ओठाला." आणखी हसू. "मंग चिडायला लागला. बायकोनं हा करा म्हणलं की हात उचलायचा. म्हून बायकोनं युक्ती काढली. सात वर्साची लेक व्हती. बायको तिला सांगायची, जा, बाप आलाय, गळ्यात पड आन् बघ. लेकीवर त्यो हात उचलत नव्हता. पोरगी पळत यायची, गळ्यात पडायची, तोंडाजवळ तोंड न्यायची. त्याला वाटायचं, लेकीची लय माया हाय आपल्यावर."

हसू कमी झालं.

"मंग मागं वळून आईकडं बघायची. नुसती मान हलवायची. हाय, न्हाईतर न्हाई. बस. त्याला दोन-तीन वर्सांनी कळलं, की लेकरू मिठी मारायला येत नव्हतं."

भक्तीनं मोबाइल खाली ठेवला. पांढऱ्या केसांच्या बाईंनी हळूच विचारलं, "त्या मुलीचं पुढं काय झालं?"

"नर्स झाली."

"आणि तो माणूस?"

सिद्धोधननं पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. "त्या पोरीच्या लग्नात त्याला नीट उभं राहता येईना. दुसऱ्या दिवशी बायकोनं चहा दिला आन् हा करा म्हणलीच न्हाई. त्या दिवशी त्यो भेला. इचारत व्हती तवर आशा व्हती तिला, हे त्याला तवा कळलं. त्या दिवसापास्नं दारू सुटली. तीन वर्सं तिनं बघितली, त्याची सुटलेली. मंग वारली."

बाईंनी आपला ग्लास बाजूला ठेवला. भक्तीचा चेहरा पडला होता. उजेड हिरवा होता तरी ते दिसत होतं. "सर," ती म्हणाली, "मला बन्सीधरशेठनी यातलं काहीच सांगितलं नाही हो. मी तुम्हाला आणायलाच नको होतं."

"तुमी कशाला? मी आलो," सिद्धोधन उठत म्हणाला. "तुमचं जेवण लॉजवर तयार हाय. मी चलतो. लेकरू वाट बघत असंल."

*

साडेसात झाले होते. स्टँडच्या नळावर त्यानं बोट पुन्हा धुतलं. साबण नव्हता, म्हणून मातीनं घासलं, तांब्या घासतात तसं.

चालता चालता तो मनात वाक्यं जुळवत होता. सांगायचंच नाही, हे एक. तोंडाला वास नव्हता, पाच चुळा भरल्या होत्या, एक थेंब तो काय. किशनराव काही बोलला असेल तर म्हणायचं, त्याला चढली होती. सुकेशनी त्याच्यावर विश्वास ठेवेल का आपल्यावर? आपल्यावरच ठेवेल. आणि हे सुचल्याबरोबर सिद्धोधनला स्वतःचीच शिसारी आली. लवंग झाली, कांदा झाला, रॉकेल झालं. आता हे.

आणखी एक गोष्ट होती. बायनाबाई गेल्यावर 'हा' बघायचं काम सुकेशनीकडं आलं. ती तोंडानं म्हणायची नाही. संध्याकाळी दारात उभी राहायची. तो वाकून हा करायचा आणि ती बाजूला व्हायची. असं तीन वर्षं चाललं. मग सृष्टी झाली. बाळंतपणाला सव्वा महिना झाला असताना, पोरीला पाजत बसलेली सुकेशनी एका संध्याकाळी दाराकडं आलीच नाही. तो चौकटीत वाकून उभा. ती आतूनच म्हणाली, "या आत. आता नगं ते. माझ्या लेकराला हे वास बघणं शिकू द्यायचं न्हाई मला."

तेव्हापासून बंद. तीन वर्षं तो कुणापुढंही हा न करता आपल्या घरात शिरत होता. दुसऱ्या कुणाला याचं काही वाटलं नसतं. सिद्धोधनला रोज त्याचं अप्रूप वाटायचं.

गल्लीत वळला तर दार उघडं होतं आणि सुकेशनी चौकटीत उभी होती. ड्युटीचे पांढरे कपडे अंगावर, रात्रपाळीची पिशवी पायाशी, सृष्टी कडेवर. म्हणजे किशनराव येऊन गेला होता. तिच्या डोळ्यांतच ते दिसलं.

"आबा!" सृष्टीनं हात पुढं केले. तिला बोट पाहिजे होतं. सुकेशनीनं तिला घट्ट धरलं.

"किशनकाका वरडत गेला गल्लीतून," ती म्हणाली. "सिद्ध्या आमच्यात परत आला म्हून. समद्याइनं ऐकलं. मी म्हणलं, काका, तुमाला चढलीय, घरी जा. बाबा गाव दाखवायला गेलेत."

ती त्याच्या बाजूनं बोलली होती. गल्लीसमोर. सिद्धोधनचे पाय पायरीखालीच थांबले.

"आत यायच्या आधी सांगतो," तो म्हणाला. "गाव न्हाई, गुत्ते दाखवायला गेल्तो. पाव्हण्याइला. तुला खोटं सांगितलं."

"घेतली?"

"न्हाई."

"मंग किशनकाका?"

"देशीच्या दुकानात दस्तूर करून दाखवला. तीन थेंबाचा. बोट बुडवून." त्यानं बोटाकडं बघितलं. "बोट ओठाला लागलं, माय. मी लावलं न्हाई. पण लागलं. चव कळली."

समोरच्या घरातला टीव्ही एकदम मोठा झाला आणि परत बारीक झाला. सुकेशनी ओरडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग एक पायरी खाली उतरली. इतक्या जवळ, की तिच्या कपड्यांना येणारा दवाखान्याचा वास त्याला आला. आणि तीन वर्षांनी, तोंडानं तर पहिल्यांदाच, ती अगदी आईच्या आवाजात म्हणाली:

"हा करा, बाबा."

त्यानं डोळे मिटले आणि केला. "हा."

ती वास घेत राहिली. एवढा वेळ कधीच लागत नव्हता. त्यानं डोळे उघडले तेव्हा तिचे भरलेले होते.

"न्हाई वास," ती म्हणाली.

"बोटाला हाय," तो म्हणाला आणि हात पाठीमागं नेला.

"माझी नाइट हाय आज." तिनं डोळे खांद्याला पुसले. "तिला संगं नेते. आजच्या दिवस."

"आजच्या?"

"मला न्हाई माहीत, बाबा. आत्ता इचारू नका मला. तुमी सांगितलं, म्हून..." तिनं घराकडं मान वळवली. "भाकरी झाकून ठेवल्यात. जेवून घ्या."

तिनं वाकून पिशवी उचलली. सृष्टी या सगळ्यात आजोबाच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. तो असा वाकून, तोंड उघडून, हा करताना तिनं कधीच पाहिला नव्हता. तिला वाटलं, हा नवा खेळ आहे. तिनं आईच्या खांद्यावर हात टेकवून त्याच्याकडं वाकत आपलं इवलंसं तोंड होतं तेवढं मोठं उघडलं.

"हाऽ!"

दुधाचा ऊबदार वास त्याच्या तोंडावर आला. आणि ती खुदकन हसली. "आबा, तू. आता तू."

सुकेशनीनं पिशवी टाकली आणि पोरीच्या तोंडावर हात ठेवला. "न्हाई," ती म्हणाली. "न्हाई, बाळा. हे न्हाई करायचं."

सिद्धोधन पायरीखाली उभा होता, दोन्ही हात पाठीशी धरून. सृष्टीनं आईचा हात दोन्ही हातांनी बाजूला सारला, आणि हसत हसत पुन्हा तोंड उघडलं.